रंग न लावलेला शब्द

माझ्या मानेने एकदा खोटी साक्ष दिली. मी नाही, मानेने. पण मान माझीच, म्हणून निस्तरायचंही मलाच होतं.

रोज सकाळी माझं कुंकुमार्चन असतं. देवीची एकशे आठ नावं, प्रत्येक नावाला चिमूटभर कुंकू आणि प्रत्येक ‘नमः’ला मान खाली. एकेचाळीस वर्षांचा नेम आहे. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत मी बोलत नाही. दारात कुणी आलं, फोन वाजला, दूध उतू गेलं, तरी नाही. दूध दोनदा उतू गेलं होतं. तिसऱ्या वेळेपासून ह्यांनी गॅस बंद करायला शिकून घेतलं.

कुंकू मी घरी करते. माहेरी वाईला आईने शिकवलेलं. माघ-फाल्गुनात सांगलीच्या मार्केट यार्डात नवी हळद यायला लागली की वीरधवलच्या आडत दुकानातून चांगली ठणठणीत हळकुंडं आणायची. बारीक तुकडे करायचे. लिंबाचा रस, टाकणखार, जराशी तुरटी. सगळं कालवून सुपात पसरायचं आणि सावलीत ठेवायचं. उन्हात नाही, घाई केली की रंग विटकरी होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिवळं ते लाल झालेलं असतं. मग कुटायचं, वस्त्रगाळ करायचं, तिळाच्या तेलाचा हात फिरवायचा. एवढं केलं की वर्षभर देवीला पुरतं. बाजारात ह्याहून लालभडक कुंकू मिळतं, पण ते काय घालून लाल केलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

वल्लरी माझी एकुलती एक. पुण्याला भाषाशास्त्र शिकली, त्यातच डॉक्टर झाली. आमच्या गल्लीत लोक तिला विचारतात, ‘म्हणजे किती भाषा येतात गं तुला?’ ती म्हणते, ‘काका, दवाखान्यात डॉक्टरला विचारता का, तुम्हाला किती रोग झालेत म्हणून?’ जीभ तिची वडिलांची आहे, माझी नव्हे.

सहा वर्षं ती हळदीचे शब्द गोळा करत होती. सांगलीची, हरिपूरची, नदीकाठच्या मळ्यांतली माणसं हळदीबद्दल बोलताना जे शब्द वापरतात, ते. हरिपूरला जमिनीच्या पोटात हळद साठवायची पेवं होती. पुरात बरीच गेली. पेवं गेली तसे पेवातले शब्दही जाणार, म्हणून हिची धावपळ. त्यातले निम्मे शब्द एकट्या रंगूबाईंनी दिलेले. रंगूबाई वीरधवलच्या दुकानात हळद निवडायला बसतात. वय विचारलं तर म्हणतात, ‘कोयनेचा भूकंप झाला तवा मी दोन पोरांची आई हुते. करा हिशेब.’ त्यांनीच वल्लरीला शिकवलं की मधला मोठा गड्डा तो जेठा, म्हणजे थोरला. त्याच्या अंगाला बिलगलेला तो बगल. आणि खाली लोंबतो तो सोरा. ‘माणसाच्या घरात असत्यात तसंच हळदीच्या घरात बी असत्यात,’ असं त्या सांगायच्या आणि वल्लरी लिहून घ्यायची.

मागच्या वर्षी ती एका दुपारी स्वयंपाकघरात आली. मी हळकुंडांवर लिंबू पिळत होते.

“आई, जर्मनीत हळदीला काय म्हणतात? कुर्कुमा. इटलीत? कुर्कुमा. स्पेन, पोर्तुगाल, हॉलंड, पोलंड, रशिया, पार फिनलंडपर्यंत, थोडंफार इकडेतिकडे, पण तेच. फ्रान्समध्ये जरा नाकातून.”

“आणि इंग्रज?”

“ते टर्मरिक. घरात एक जण असतोच वेगळा. आता तू ‘कुंकुम’ म्हणून बघ. मग परत ‘कुर्कुमा’ म्हण.”

मी म्हटलं. एकदा, दोनदा. लिंबाचा हात तसाच राहिला. अंगावर काटा आला माझ्या, खोटं कशाला सांगू? मी रोज देवीच्या पायांवर घालते ते, आणि इतक्या दूरच्या बायका आपापल्या ओट्यापाशी उभ्या राहून त्याचंच नाव घेतात.

“म्हणजे आपलं कुंकू तिकडे गेलं?”

“थांब, एवढ्यात आरती नको.” ती हसत पाटावर बसली. “युरोपने तो शब्द अरबांकडून घेतला, हे नक्की. अरबांचा शब्द कुर्कुम. पण त्याच्या मागे काय? तसाच शब्द जुन्या हिब्रूत आहे. बॅबिलोनच्या मातीच्या विटांवर त्याच्या जवळपासचा एक शब्द कोरलेला आहे. आणि आपल्याकडे संस्कृतात कुंकुम. आपण त्यांना दिला, की त्यांनी आपल्याला, की दोघांनी तिसऱ्याकडून उचलला, ते आज कुणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही.”

मला जरा वाईट वाटलं. तिने ते पाहिलं.

“पुढचं ऐक ना. खरी गंमत पुढे आहे. संस्कृतात कुंकुम म्हणजे हळदीचं कुंकू नव्हे, केशर. अरबांचा कुर्कुम, तोही आधी केशरच. केशर महाग. सगळ्यांना कुठून परवडणार? मग तिकडच्या माणसांनी केशराच्या जागी हळद घातली आणि केशराचं नाव हळदीला दिलं. इकडच्या बायकांनी हळदीपासूनच लाल रंग केला आणि केशराचं नाव त्याला दिलं. हजारो कोसांवरची माणसं, एकमेकांना कधी न पाहिलेली, आणि युक्ती तीच!”

हे ऐकून मला जे वाटलं ते आधीच्या काट्यापेक्षा मोठं होतं. माझ्या आईच्या, तिच्या आईच्या हातांची कुणीतरी हजेरी घेतल्यासारखं वाटलं.

आता वीरधवल. मूळचा उंब्रजचा, ऊसवाल्या घरातला, एक भाऊ पलटणीत. ह्याच्या वडिलांनी, आप्पांनी, सांगलीत हळदीची आडत उघडली. माणूस सोन्यासारखा, फक्त कान अर्धे. वल्लरीने त्यालाही हाच शब्द समजावून सांगितला होता, आमच्याच बैठकीत, चहा पिता पिता. पूर्वार्ध झाला, कुंकुम आणि कुर्कुमा शेजारी शेजारी ठेवून झाले, आणि त्याला फोन आला. उत्तरार्ध ऐकायला तो परत बसलाच नाही.

ह्या फाल्गुनात हळद व्यापाऱ्यांनी सांगलीत मोठा मेळावा ठरवला. बाहेरदेशचे खरेदीदार येणार होते. वीरधवल त्याचा अध्यक्ष. त्याने आपणहून सांगितलं, ‘वल्लरीचं पुस्तक मंडळ छापणार, मेळाव्यात प्रकाशन, आणि भाषण बी तिचंच.’ केवढा आनंद झाला आम्हाला! मी त्या शुक्रवारी देवीला पुरणाचा नैवेद्य दाखवला.

मग तो गुरुवार. मी देवघरात बसलेले. देवघराचं दार बैठकीत उघडतं. वीरधवल छापायच्या मजकुराचे कागद घेऊन सकाळीच आला आणि दोघांची वादावादी सुरू झाली. शब्दन् शब्द मला ऐकू येत होता.

“काका, हे असं ‘नक्की’ म्हणून नाही लिहिता येणार. मी तुम्हाला सांगितलं होतं.”

“तूच सांगितलंस की कुर्कुमा म्हंजे कुंकुम!”

“सारखे आहेत म्हटलं. आपल्याकडून गेला असं नाही म्हटलं.”

“सारखं हाय म्हंजे गेलाच की गं! आपली हळद जाती, मग शब्द का पायी चालत येतोय व्हय तिकडनं? आवं, काकू हायत की. काकूंनाच इचारू.” तो देवघराच्या उंबऱ्याशी आला. “काकू, कुंकवातलं तुमच्यापेक्षा जास्त कुणाला कळतंय? कुर्कुमा म्हंजे आपलंच कुंकू. बरोबर का न्हाई?”

मी बासष्टाव्या नावावर होते. नाव मनात उच्चारलं, चिमूट सोडली, ‘नमः’ आणि मान खाली.

“बघ! काकूंनी मान डोलावली!”

“काका, ती अर्चन करतीये.”

“मग? देवीसमोर बसून कोण खोटी मान डोलवंल का? झालं तर. छापतो.”

आणि गेला. मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या तोंडाशी विरला तेव्हा माझी अजून सेहेचाळीस नावं बाकी होती. उठावं असं फार वाटलं. उठले नाही. ती सेहेचाळीस नावं मी घेतली खरी, पण देवी ऐकत असेल तर तिला कळलं असणार की माझं लक्ष रस्त्यावर होतं.

नेम संपल्यावर फोन लावला. उचलला नाही. मग वाटलं, बोलता बोलता म्हणाला असेल, एवढ्या घाईने कोण छापतंय?

तिसऱ्या दिवशी हे भाजी घेऊन आले ते हसू दाबत. “अभिनंदन,” म्हणाले. “मार्केट यार्डाच्या कोपऱ्यावर तुझं नाव लागलंय.”

आम्ही दोघी बघायला गेलो. दोन माणसं उंच फ्लेक्स. वर हळदीचे ढीग, मध्ये देवीचा मुखवटा, आणि खाली टपोऱ्या अक्षरांत: ‘युरोपच्या भाषांना शब्द दिला आमच्या कुंकवानं!’ त्याच्या खाली, ‘संशोधन: डॉ. वल्लरी’. आणि त्याच्याही खाली, ‘मार्गदर्शन: सौ. चारुशीलाकाकू’.

वल्लरी चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नाही. चप्पल काढून दुकानाच्या पायरीवर बसली.

“आई, मला शिकवणाऱ्या पुण्याच्या बाई येणार आहेत भाषणाला. हे खोटंच आहे असंही मला म्हणता येत नाही. पण नक्की माहीत नसलेलं नक्की म्हणून सांगायचं, आमच्यात त्यालाच खोटं म्हणतात. एकदा माझ्या नावावर हे लागलं की पुढे मी खरं बोलले तरी लोक तपासून बघतील.”

“मग नाही म्हणून सांग त्यांना.”

“सांगितलं, विटांपासून केशरापर्यंत सगळं. काका म्हणतात, पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांचं मनोगत आहे, त्यात हेच आहे. ते पान असेल तर पुस्तक, नाहीतर गठ्ठे गोदामात. छापूनसुद्धा झालंय.” मग हळूच म्हणाली, “रंगूआज्जीला मी कबूल केलंय गं. तिच्या हातात पुस्तक देईन म्हणून. तिचा खोकला बघतेस ना?”

घरी आल्यावर मी देवीसमोर बसले. काही मागितलं नाही. मागायचं तरी काय? चूक काही देवीने केलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अर्चन झाल्यावर तशीच दुकानात गेले. आयुष्यात मी कधी कुणाशी भांडायला गेलेली नाही. आवाजच नाही मला तेवढा. लग्नात नाव घेतलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘घेतलं का? कधी?’

दुकानात पोत्यांच्या थप्प्यांमध्ये रंगूबाई आणि आणखी चार-पाच जणी हळद निवडत होत्या. कुचकी, फुटकी, कीड लागलेली हळकुंडं एकीकडे, भरीव एकीकडे. वीरधवल गादीवरून उठून उभा राहिला.

“या काकू, या! बोर्ड बघितला? कसा हाय?”

“मोठा आहे.”

“लय लांबनं दिसतो!”

“वीरधवल, त्या दिवशी मी मान डोलावली नव्हती. अर्चनात प्रत्येक नावाला मान हलते माझी. तुम्ही त्या वेळी मला ‘हळद निळी असते का’ विचारलं असतंत, तरी ती हललीच असती.”

रंगूबाई फस्सकन हसल्या. “आता गं बया! आन् ह्यो गावभर सांगत सुटलाय, काकूंनी देवीम्होरं कौल दिला म्हणून!”

“रंगूबाई, तुमी हळद बघा,” वीरधवल म्हणाला. चेहरा उतरला होता त्याचा. मग सावरून म्हणाला, “बरं, न्हवतं डोलावलं. पण काकू, आपलीच मानसं, आपलीच हळद. चार लोकांत आपली मान वर हुती हाय. जरा इकडंतिकडं झालं तर कुणाचं काय बिघाडतंय? त्यो जर्मन का बॅबिलोनला जाऊन इटा वाचणाराय?”

 निवडणाऱ्या बायकांचे हात तेवढे चालू होते. त्या हातांकडे बघता बघताच उत्तर तोंडातून आलं.

“आप्पांनी एकदा एकाची हळद दुकानासमोर ओतली होती. तुम्हीच सांगता.”

ही गोष्ट वीरधवल आल्यागेल्याला सांगतो. कुणीतरी फिकट हळद वरून रंग लावून विकायला आणली होती. दिसायला सोन्यासारखी. आप्पांनी ती रस्त्यावर पसरली, वर घागरभर पाणी ओतलं. पिवळा ओघळ गटारापर्यंत गेला आणि खाली हळद होती तशी फिकट राहिली. सगळा बाजार बघत होता. तेव्हापासून त्या दुकानाच्या मालावर कुणी बोट ठेवत नाही.

“ती पण हळदच होती ना?” मी म्हटलं. “खोटी नव्हती. जराशी फिकट होती, एवढंच. रंग कशाला लावायचा मग तिला? आपला शब्द पण चांगला आहे, वीरधवल. जेवढा आहे तेवढा चांगला आहे.”

बायकांचे हात थांबले. मला स्वतःचीच भीती वाटली. मी एवढं सलग कधी बोलत नाही.

“आप्पांना मधी आणू नका, काकू,” तो म्हणाला. मग तोंड फिरवून म्हणाला, “मी मंत्र्यासंत्र्याला सांगून बसलोय. माझ्या तोंडानं मी माघारी घेणार न्हाई. मान तुमची हालली, तुमीच सांगा. सभेत, माईकवर. हाय तयारी?”

त्याला वाटलं होतं, मी नाही म्हणेन. मलाही तसंच वाटलं होतं.

“सांगते,” मी म्हटलं.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, “तू? माईकवर?” आणि माझं तोंड बघून पुढची चेष्टा गिळली. चहा करून आणला. साखर विसरले होते, पण प्यायले मी.

मेळाव्याच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत पाहुणे, त्यांत एक जर्मन बाई, उंच, पांढऱ्या केसांच्या, गुडघ्यावर वही. वल्लरीच्या पुण्याच्या बाई त्यांच्या शेजारी, बोलणं समजावून सांगायला. मागे व्यापारी, शेतकरी. अगदी मागे, भिंतीला टेकून रंगूबाई आणि त्यांच्या बायका. आणि व्यासपीठावर, मागच्या पडद्यावर, तोच बोर्ड, कोपऱ्यावरून आणून लावलेला. त्यावरचं अक्षरही बदललेलं नव्हतं. त्याच्याखाली उभं राहून मला त्यालाच नाही म्हणायचं होतं.

माझं नाव पुकारलं. पायऱ्या चढले. माईक माझ्या कपाळाएवढा उंच, कुणीतरी वाकवला.

“नमस्कार,” मी म्हटलं.

“आवाज न्हाई!” मागून कुणीतरी ओरडलं.

“त्यो आत्ता यील! तुमी गप बसा की आदी!” हा आवाज रंगूबाईंचा. सगळे हसले, आणि खरोखरच शांत झाले.

मी जे बोलले ते फार नव्हतं. म्हटलं, ह्या फलकावर मार्गदर्शन म्हणून माझं नाव आहे. मी मार्गदर्शन केलेलं नाही. मी नामजप करत होते आणि माझी मान हलली, तो होकार समजला गेला. ही चूक माझ्या मानेची आहे, माझ्या मुलीची नाही. तिने असं कधीही म्हटलेलं नाही. ती काय म्हणते ते तिच्याच तोंडून ऐका. आणि कुंकू मी करते. त्यात हळद किती, लिंबू किती, ते मला माहीत आहे. जे माहीत नाही ते मी त्यात घालत नाही.

खाली येऊन मी ह्यांच्या शेजारी बसले. वीरधवल व्यासपीठावर खुर्चीत बसला होता, समोर बघत, फेटा घातलेला. त्याच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

मग वल्लरी उभी राहिली. आईने मुलीचं कौतुक करू नये म्हणतात, दृष्ट लागते. पण सांगते. पोरीने कागदाला हात लावला नाही. एकेका देशाचं नाव घेत ती कुर्कुमा म्हणत गेली, आणि पहिल्या रांगेतले पाहुणे आपापला शब्द आला की हात वर करायला लागले, शाळेत हजेरीला करतात तसे. मग अरब, मग त्या विटा, मग केशर. ‘ह्या शब्दाचं घर कुठलं, ते मला माहीत नाही,’ असं ती स्वच्छ म्हणाली. सभागृहात कुजबुज झाली. ‘पण केशर न परवडणाऱ्या माणसांनी हळदीला केशराचा मान दिला, तो तिकडेही दिला आणि इकडेही दिला, एवढं ह्या शब्दाने सांभाळून ठेवलंय. आणि पिवळ्याचं लाल करायची विद्या आमच्या आयांच्या हातात आहे. ती आजही चालू आहे. आत्ताच त्यांतली एक बोलून गेली.’

माझा पदर डोळ्यांना कधी लागला ते कळलं नाही. शेजारी हे खाकरत होते, सारखे.

जर्मन बाईंनी हात वर केला. त्यांचं बोलणं पुण्याच्या बाईंनी मराठीत सांगितलं: “त्या विचारतायत, शब्दाचं घर माहीत नाही म्हणता, मग पुस्तकात काय आहे?”

“पुस्तकातल्या शब्दांची घरं मला माहीत आहेत,” वल्लरी म्हणाली. “त्यांतलं सगळ्यात मोठं घर मागच्या भिंतीला टेकून बसलंय. रंगूआज्जी, उभी राहतेस?”

“न्हाई! गुडघं धरल्यात!” रंगूबाई ओरडल्या. “हितनंच दिसते मी!”

सगळं सभागृह वळून बघायला लागलं. जर्मन बाई उभ्या राहिल्या आणि रंगूबाईंना त्यांनी वाकून नमस्कार केला. रंगूबाईंनी पदर सावरला, आणि जणू रोज कुणीतरी जर्मनीहून येऊन वाकतंय अशा थाटात मान हलवली.

आता प्रकाशन. पुस्तकांचे गठ्ठे व्यासपीठावर आणलेले होते. वीरधवल उठला. माईकपाशी गेला. सूत्रसंचालक पुस्तक द्यायला पुढे सरकला. त्याला त्याने हातानेच थांबवलं. वरच्या गठ्ठ्याची दोरी स्वतः तोडली. एक प्रत काढली, पहिलं पान उघडलं.

“हे पान माझं हाय,” तो म्हणाला. “मनोगत. ह्यात मी रंग लावलाय. आप्पा असतं तर आज रस्त्यावर पाणी वतलं असतं त्यांनी.” आणि त्याने ते पान सरळ, मुळापासून ओढून काढलं. फर्रकन आवाज माईकवर आला. “बाकीच्या प्रतीतनं बी निघंल, मगच पुस्तक कुणाच्या हातात जाईल. माझ्या दुकानातनं न निवडलेला माल कदी गेला न्हाई. रंगूबाई! निवडायला बसा!”

असं प्रकाशन मी कधी पाहिलेलं नाही. सतरंजी अंथरली, तीनशे पुस्तकं तिच्यावर ओतली आणि बायका गोल करून बसल्या, दुकानात बसतात तशाच. एक पुस्तक उघडायचं, पान धरायचं, पट्टी लावून ओढायचं, पुस्तक उजवीकडे, पान डावीकडे. हात काय चालतात त्यांचे! पाहुण्यांना चहा देत होते तर जर्मन बाई कप घेऊन तिथेच खाली मांडी घालून बसायचा प्रयत्न करायला लागल्या. वल्लरीच्या पुण्याच्या बाई खुर्चीवरून उठून आल्या, तिच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी म्हणाल्या. काय ते मला ऐकू आलं नाही. पण पोरीच्या खांद्यांवरचं काहीतरी खाली उतरलेलं मी बघितलं.

वीरधवल माझ्याजवळ आला. “काकू, राग न्हाई ना?”

“राग कसला? आज तुम्ही आप्पांसारखे दिसलात.”

त्याने फेटा काढून काखेत धरला आणि पान काढायला बायकांत जाऊन बसला. ‘आवं मालक, वाकडं फाडताय,’ असं त्याला लगेच ऐकून घ्यावं लागलं.

पहिली निवडलेली प्रत वल्लरीने रंगूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती आधी कपाळाला लावली, मग वास घेतला, मग उलटीसुलटी केली.

“ह्यात माझा सोरा कुठं हाय, दाव.”

वल्लरीने पान काढून दिलं. रंगूबाईंनी एका ओळीवर पिवळं बोट ठेवलं आणि पुस्तक माझ्यापुढे धरलं. “मला वाचाय येत न्हाई. तुमी वाचा.”

मी वाचलं, “सोरा. जेठ्या गड्ड्याच्या खालच्या अंगाला लोंबणारा...”

“आवं, मला एकटीला काय सांगताय? मला ठावंच हाय. मोठ्यानं वाचा की, मागल्यांनी बी ऐकूंद्या!”

मी उभी राहिले. पुस्तक दोन्ही हातांत धरलं. “सोरा,” मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, एवढा मोठा होता. “जेठ्या गड्ड्याच्या खालच्या अंगाला लोंबणारा लहान गड्डा. हा शब्द सांगणाऱ्या, रंगूबाई, राहणार हरिपूर, जिल्हा सांगली.”